तिकिटांच्या भांडणातून उभं राहिलेलं स्टेडियम

चर्चगेटला उतरलं की दोन कसोटी मैदानं पायी गाठता येतात. एक ब्रेबर्न, दुसरं वानखेडे. परगावचा पाहुणा पहिल्यांदा येतो तेव्हा हमखास विचारतो, 'एवढ्याशा जागेत दोन कशाला?' आणि आपण 'ती वेगळीच भानगड आहे' म्हणून वेळ मारून नेतो. वानखेडेच्या पन्नाशीनिमित्त मुंबई क्रिकेट असोसिएशनचा इतिहास लिही, असं स्मरणिकेच्या संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा मी मनाशी ठरवलं, की करंडकांची यादी दुसऱ्या कुणीतरी द्यावी, आपण ती भानगडच लिहावी. असोसिएशनचा जमाखर्च, तिचं राजकारण आणि मैदानावरच्या क्लबांशी असलेलं तिचं नातं, हे तिन्ही त्या एका भानगडीत सापडतं. भानगड होती तिकिटांची.

मी काही नाव घेण्यासारखा खेळाडू नव्हतो. एका लहानशा क्लबचा स्कोअरर म्हणून बरीच वर्षं काढली, पुढं वर्गणी गोळा करण्याचं कामही गळ्यात पडलं. त्यामुळे या इतिहासाकडे मी पॅव्हेलियनमधून पाहत नाही, मैदानातल्या तंबूतून पाहतो, हे आधीच सांगून टाकतो.

जागेवरून भांडणं हा मुंबईच्या क्रिकेटचा जन्मापासूनचा स्वभाव आहे. पारशी तरुणांनी 1848 साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तेव्हा त्यांच्याकडे जागा म्हणजे किल्ल्याबाहेरचं मोकळं मैदान. पुढं तिथंच गोरे साहेब पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जायची आणि त्या खड्ड्यांत दुसऱ्या दिवशी आपली मुलं चेंडू टाकायची. साहेबांच्या बॉम्बे जिमखान्याला स्वतःचं छानपैकी राखलेलं मैदान होतं, तिथं मात्र घोडे जात नसत. पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, पुन्हा पुन्हा केले. शापूरजी सोराबजी यांनी 1897 साली पारशी क्रिकेटचा जो वृत्तांत छापला त्यात या लढ्याची हकिकत आहे. या अर्जफाट्यांच्या काळानंतर किनाऱ्यालगत एकेका जमातीच्या जिमखान्याला जागा मिळत गेल्या. पारशी जिमखाना 1885 चा, इस्लाम जिमखाना 1892 चा, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना 1894 चा. मरीन लाइन्सला गाडीतून उतरताना ते आजही ओळीनं दिसतात.

जिमखाने जमातीचे, म्हणून सामनेही जमातीचे. पारशी विरुद्ध युरोपियन सामन्यात 1907 साली हिंदू आले, 1912 ला मुसलमान आणि 1937 ला 'द रेस्ट' हा उरलेल्यांचा संघ. पाच संघांच्या या पंचरंगी सामन्यांवर जातीयतेची टीका झाली, गांधीजींनी 1940 मध्ये विरोध केला, आणि 1946 मध्ये ते कायमचे थांबले. थांबले हे उत्तमच झालं. पण जमाखर्चाच्या वहीत एक गोष्ट नोंदवायला हवी. ब्रेबर्न तुडुंब भरायचं ते पंचरंगीला. रणजी करंडकाला तशी गर्दी कधी झाली नाही. 1934-35 साली सुरू झालेली ही स्पर्धा आपण पहिल्याच वर्षी जिंकली, तरी गेटचा पैसा तिच्यातून आला नाही. म्हणजे शहराचा संघ चालवायचा तर कमाई दुसरीकडून, कसोटीतून करायची आणि ती रणजीत, शाळांत, लीगमध्ये खर्चायची, ही घडी तेव्हाच बसली. ती अजून मोडलेली नाही. पंचरंगी थांबल्यावर वर्षाकाठचा हमखास गल्ला गेला आणि सगळी भिस्त कधीतरी मिळणाऱ्या कसोटीवर आली. तिकिटाला सोन्याचा भाव आला तो इथून.

मुंबईची असोसिएशन स्थापन झाली 1930 साली. तिच्याकडे खेळाडू होते, पंच होते, क्लब होते, फक्त स्वतःचं मैदान नव्हतं. हिंदुस्थानातली पहिली कसोटी 15 डिसेंबर 1933 ला मुंबईत झाली ती बॉम्बे जिमखान्यावर. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया निघाला, म्हणजे आपण ज्याला सीसीआय म्हणतो तो. समुद्र हटवून काढलेल्या बॅकबेच्या जमिनीवर सीसीआयनं स्टेडियम बांधलं, त्याला गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांचं नाव दिलं आणि 7 डिसेंबर 1937 ला त्याचं उद्‌घाटन झालं. देखणं स्टेडियम. आजही त्याच्या लॉनवर संध्याकाळी बसलं की वाटतं, क्रिकेट हा मुळात निवांत लोकांचा खेळ असावा.

पण ते स्टेडियम क्लबचं होतं. तिथल्या सभासदाला आपली जागा हा आपला हक्क वाटायचा आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चूक काहीच नव्हती. त्यानं त्यासाठीच पैसे भरलेले. इकडे कसोटी भरवण्याची जबाबदारी असोसिएशनची. खेळाडू घडवायचे आपण, स्पर्धा चालवायच्या आपण, आणि सामन्याच्या दिवशी आपल्या क्लबांना द्यायला हातात तिकिटं किती, तर यजमान देईल तेवढी. भाड्याच्या घरात लग्न काढावं आणि घरमालकानं पंगतीच्या निम्म्या पाटांवर आपले पाहुणे बसवावेत, तसा हा प्रकार. वर्षानुवर्षं पत्रव्यवहार झाला, बैठका झाल्या, आकड्यांची ओढाताण झाली. तोडगा निघाला तो दरवेळी त्या सामन्यापुरताच.

आता यात दोन माणसं येतात. एक विजय मर्चंट. थोर फलंदाज, सज्जन गृहस्थ, निवड समितीचे अध्यक्ष म्हणून स्वतःचं निर्णायक मत टाकून 1971 साली अजित वाडेकरला कर्णधार करणारे. सीसीआयची सूत्रं तेव्हा त्यांच्याकडे होती. दुसरे शेषराव वानखेडे. नागपूरचे, राजकारणात मुरलेले, 1972 पासून विधानसभेचे अध्यक्ष, आणि आपल्या असोसिएशनचेही अध्यक्ष. मैदानात सांगितली जाते ती हकिकत अशी, की आमदारांना एक प्रदर्शनी सामना खेळायचा होता आणि त्यासाठी ब्रेबर्न मागायला वानखेडे मर्चंटांकडे गेले. मर्चंटांनी नकार दिला. तिकिटांवरून आधीच बोलणी फिसकटलेली होती. 'मग आम्ही आमचं बांधू,' असं वानखेडे म्हणाले. मर्चंटांना ती हूल वाटली असावी. संस्थेच्या अध्यक्षांच्या अशा घोषणा आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. फरक इतकाच, की या अध्यक्षांना मंत्रालयाचे जिने पाठ होते.

सरकारी जमीन भाडेपट्ट्यानं मिळाली, रेल्वेच्या रुळांना खेटून. वास्तुरचनाकार शशी प्रभू तेव्हा तरुण होते. सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. त्या काळात या शहरात घराच्या भिंतीला गिलावा काढायचा तरी सिमेंटसाठी खेटे घालावे लागत, हे ज्यांना आठवतं त्यांनाच त्या तेरा महिन्यांची किंमत कळेल. पहिला प्रथम श्रेणीचा सामना 1974-75 च्या मोसमात मुंबई विरुद्ध बडोदा. पाठोपाठ 23 जानेवारी 1975 ला वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी, मालिकेतली पाचवी आणि निर्णायक.

त्या कसोटीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण नव्या घराची पहिलीच पंगत उधळली होती. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 242 धावा काढल्या. द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा कुंपण ओलांडून त्याचं अभिनंदन करायला धावला. परत येताना पोलिसांनी त्याला बदडला, सगळ्या स्टेडियमसमोर. मग लोक खवळले. खुर्च्या, बाटल्या, हाताला येईल ते मैदानात आलं, कुंपण मोडलं, उरलेल्या दिवसाचा खेळ वाया गेला. अजून रंगाचा वास न गेलेल्या स्टेडियमचं ते रूप पाहून शेषरावांना काय वाटलं असेल! सामना आपण 201 धावांनी हरलो. पतौडीची ती शेवटची कसोटी ठरली.

पण त्याच सामन्यात आपल्या पहिल्या डावात एकनाथ सोलकरनं 102 धावा केल्या. वानखेडेवरचं भारतीयाचं पहिलं कसोटी शतक. एकनाथचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी. कुटुंब मैदानातल्याच खोलीत राहायचं. वेळप्रसंगी तो लहानपणी फलकावरचे आकडे बदलायचा. संस्थेचा सगळा इतिहास एका माणसात पाहायचा झाला तर मी बोट एकनाथवर ठेवीन. त्याला जिमखान्यानं जागा दिली, शाळेनं संघ दिला, मफतलालनं नोकरी दिली. असोसिएशननं काय दिलं? सामने दिले. तिचं काम तेवढंच होतं, आणि ते ती चोख करत होती.

हे नीट समजून घेतल्याशिवाय सलग पंधरा रणजी करंडकांचा, 1958-59 ते 1972-73 चा, उलगडा होत नाही. ती पंधरा वर्षं असोसिएशनच्या तिजोरीवर जिंकलेली नाहीत. तिजोरी होती कुठं? खेळाडूचं घर चालायचं ऑफिसवर. पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, दिलीप सरदेसाई एसीसीत. अजित वाडेकर स्टेट बँकेत. सुनील गावसकर, संदीप पाटील, रवी शास्त्री निरलॉनमध्ये. दिलीप वेंगसरकर टाटांकडे. टाइम्स शील्डची ऑफिसांमधली मॅच म्हणजे कागदोपत्री हौशी लोकांची स्पर्धा, पण एका बाजूला पाच कसोटीपटू असायचे आणि दुसऱ्या बाजूला चार. सकाळी मस्टरवर सही, दुपारी नेट, महिन्याच्या शेवटी पगार, निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधी. आजच्या भाषेत त्याला करार म्हणतील. आम्ही 'चिकटला' म्हणायचो. 'अमका मफतलालला चिकटला' हे वाक्य कानावर आलं, की त्याच्या आईच्या डोक्यावरचा भार उतरला, असं समजायचं.

1983 चा वर्ल्डकप जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून वीसेक लाख जमले आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. त्याच वर्षाचा एक पगारपत्रक वजा कागद मध्यंतरी सगळीकडे फिरला. त्यात एका सामन्याचं मानधन 1,500 रुपये आणि रोजचा भत्ता 200 रुपये असे आकडे होते. तरुण मुलं ते पाहून हसतात. त्यांना मी सांगतो, की तो कागद अर्धाच आहे. उरलेला अर्धा स्टेट बँकेच्या, एसीसीच्या पगार खात्यात पडलेला आहे.

ऑफिसांनी नोकऱ्या दिल्या तशी कमाईशिवाय क्रिकेट जिवंत ठेवण्याची दुसरी युक्तीही मुंबईनंच काढली. 1948 साली डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावानं पावसाळी लीग सुरू झाली. इतर शहरं जुलैत बॅटींना तेल लावून ठेवतात. आपण चिखलात उतरतो. रविवारचे सामने, एका दिवसाचे, उघड्या खेळपट्टीवर. गवत इतकं वाढलेलं, की जमिनीलगत मारलेला चेंडू तिथंच रुतून बसावा. मग फलंदाज उचलून मारायला शिकतो. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो तर कधी उसळून हनुवटीशी, म्हणून तो पाय हलवायलाही शिकतो. सात डिव्हिजन, ए पासून जी पर्यंत, प्रत्येकीत चौदा संघ. वरच्या डिव्हिजनमध्ये दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची खुन्नस. दादर युनियनकडे माधव मंत्री, वासू परांजपे, गावसकर. शिवाजी पार्ककडे वाडेकर, रमाकांत देसाई. त्यांच्या सामन्याला माटुंग्याच्या दडकर मैदानाभोवती छत्र्यांचं कडं व्हायचं. तिकीट नाही. गेट नाही. पावसात उभं राहायला माणूस तयार असला की झालं.

आमचा क्लब अगदी खालच्या डिव्हिजनमधला. खर्च काय असतो ते इथं कळतं. दोन नवे चेंडू, पंचांचं मानधन, दुपारची भाजी-पुरी किंवा पावभाजी, माळ्याला महिन्याचे आणि पाऊस उघडला तर वरचे थोडे, तंबूच्या ताडपत्रीचं ठिगळ, आणि भुसा. भुशाशिवाय कांगा लीग होत नाही. गोलंदाजाचा पाय घसरतो तिथं मूठमूठ टाकायचा. वखारवाला ओळखीचा असेल तर फुकट, नसेल तर पोत्याचे पैसे. या सगळ्याला उत्पन्न एकच, वर्गणी. ती कधीही पूर्ण जमत नाही. नेहमी कोणीतरी एक जण, बहुधा ज्याला स्वतःला अकरा जणांत जागा मिळत नाही असा, खिशातून भर घालतो. मुंबईतल्या शेकडो संघांचं अर्थशास्त्र या एका माणसावर उभं आहे आणि कुठल्याही ताळेबंदात त्याचं नाव नाही.

या क्लबांना असोसिएशनकडून दोन गोष्टी मिळतात. एक मत आणि दुसरं तिकीट. दोन्ही एकाच लिफाफ्यातून येतात असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

1987 च्या वर्ल्डकपचा भारत-इंग्लंड उपांत्य सामना वानखेडेवर होता. आमच्या वाट्याचा लिफाफा घेऊन सेक्रेटरी तंबूत आले तेव्हा तिथं एरवी नेटला न फिरकणारेही हजर होते. लिफाफ्यात तिकिटं मोजून पाच आणि हक्कदार तेवीस. कुणी म्हणालं ज्येष्ठतेनं द्या, कुणी म्हणालं यंदा ज्यांनी पूर्ण वर्गणी भरली त्यांनाच. या दुसऱ्या सूचनेवर एकदम शांतता पसरली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हात. ग्लोव्ह ओला होता, त्यामुळे चिठ्ठ्या चिकटल्या आणि दोन नावं एकत्र निघाली, त्यावरून आणखी अर्धा तास. हे सगळं चालू असताना आमचा माळी बाहेर रोलरच्या दांड्यावर बसून होता. सगळं आटोपल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, 'त्यात माझी चिठ्ठी होती का?' नव्हती. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही. माझं नाव निघालं होतं आणि मी सामना पाहिला. ग्रॅहॅम गूचनं आपल्या फिरकीला झाडूनं अंगण झाडावं तसं स्वीप केलं, 115 धावा काढल्या, आपण 35 धावांनी हरलो. मला त्या सामन्यातल्या गूचपेक्षा ती न टाकलेली चिठ्ठी जास्त आठवते.

तिकिटाच्या पैशावर चालणारी संस्था दूरदर्शनच्या पैशावर कशी गेली, ती कथा दिल्ली-कोलकात्यात घडली, म्हणून इथं थोडक्यात. एके काळी सामना दाखवावा म्हणून मंडळच दूरदर्शनला पैसे मोजायचं. 1993 पासून चित्र उलटलं, प्रक्षेपणाचे हक्क विकले जाऊ लागले. त्या वादात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 1995 मध्ये प्रक्षेपणाच्या हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला. तिथून पैसा असा वाहू लागला, की 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएलचे माध्यम हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. या नद्यांचं पाणी मंडळामार्फत राज्यांच्या संघटनांपर्यंत येतं. आपल्याकडेही आलं. आयपीएलच्या पहिल्या लिलावात, 2008 साली, मुंबईचा संघ 11 कोटी 19 लाख डॉलरना गेला, सगळ्यांत महाग. त्या संघावर असोसिएशनची मालकी नाही. नाव शहराचं, मैदान आपलं, संघ कंपनीचा. शेषरावांच्या वेळी आपण भाडेकरू होतो, आता आपण घरमालक झालो. भाडेकरू मात्र घरमालकापेक्षा कैक पटींनी श्रीमंत.

नोकरीची जागा करारानं घेतली तीही याच काही दशकांत. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव विझलं, तशी गिरणी मालकांची क्रिकेटची हौसही हळूहळू विझली. बँकांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली. आता रणजी खेळणाऱ्या मुलाला सामन्याच्या एका दिवसाचे 40 ते 60 हजार रुपये मंडळाकडून मिळतात आणि 2024-25 पासून असोसिएशननं स्वतः तेवढीच रक्कम वर देण्याचं ठरवलं. मार्च 2024 मध्ये विदर्भाला हरवून बेचाळिसावा रणजी करंडक आला, तेव्हा संघाला पाच कोटींचं जादा बक्षीसही दिलं. चांगलं केलं. पण हा पैसा पहिल्या पंधरा-वीस मुलांचा आहे. त्याच्या खालचा, जो पूर्वी पंचविसाव्या वर्षी बँकेला चिकटायचा, तो आता काय करतो? तो कोचिंग करतो, नाहीतर क्रिकेट सोडतो. या मधल्या थरासाठी संस्थेनं अजून काही उभं केलेलं नाही. स्मरणिकेत एवढी तक्रार खपून जावी.

मैदानाच्या तुलनेत खुर्चीची कथा रंजक आहे, पण तिच्यात मी फार शिरणार नाही. मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख, आशिष शेलार, अशी मोठी राजकीय नावं अध्यक्षपदावर येऊन गेली. त्यांच्यासमोर खेळाडू उभे राहिले आणि पडले. 2001 ला पवारांपुढे वाडेकर, 2011 ला देशमुखांपुढे वेंगसरकर. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. कांगा लीग चालवणाऱ्याला वाटत नाही. मैदानाचा भाडेपट्टा, पाण्याची जोडणी, पोलीस बंदोबस्ताचं बिल, तंबूचा परवाना, क्लबची सगळी कामं सरकारी टेबलावर अडतात. तिथं कव्हर ड्राइव्ह चालत नाही. फक्त यात एक मेख आहे. काही क्लब मैदानात कमी आणि मतदार यादीत जास्त दिसतात. अशांची संख्या सांगण्याच्या भरीला मी पडत नाही.

2011 ला स्टेडियमचं रूप पालटलं. वर्ल्डकपसाठी जुन्या बाकांच्या जागी खुर्च्या आल्या, आसनं कमी होऊन तेहतीस हजारांच्या आसपास आली, छत नवं झालं. 2 एप्रिलच्या अंतिम सामन्याची तिकिटं निघाली तेव्हा सामान्य लोकांच्या वाट्याला जेमतेम चार हजार आली. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, पुरस्कर्ते यांच्यात वाटली गेली. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. गंमत पाहा. सीसीआयचे सभासद सगळ्या जागा अडवतात म्हणून आपण भांडलो, त्या भांडणातून स्वतःचं स्टेडियम बांधलं, आणि छत्तीस वर्षांनी रांगेतला माणूस आपल्याबद्दल तेच म्हणत होता. माझ्यापुरतं सांगतो, मला दोन्ही बाजू कळतात. दर पावसाळ्यात चिखलात लीग चालवणाऱ्या क्लबला अंतिम सामन्याचं तिकीट मिळू नये, असं मला वाटत नाही. पण चार हजार हा आकडा तोंड वर करून सांगण्यासारखा नाही.

पुढं मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणारी लोढा समिती आली. 18 जुलै 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या. सत्तर वर्षांनंतर पद नाही, ठरावीक काळानंतर सक्तीची विश्रांती. एक राज्य एक मत या सूत्रानं तर आपली झोपच उडवली होती, कारण महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत. रणजीत सर्वाधिक करंडक जिंकणाऱ्या संघटनेनं पाळीपाळीनं मत द्यावं, हे कुणालाच पटेना. ते सूत्र पुढं न्यायालयानंच मागं घेतलं. मंडळाच्या नव्या घटनेत तिकिटांचंही कलम आलं. नव्वद टक्के तिकिटं विक्रीला ठेवायची, मोफत पास दहा टक्क्यांत बसवायचे.

आणि 2018 च्या ऑक्टोबरमध्ये नियतीनं (की कार्यालयीन गोंधळानं) मोठी मौज केली. न्यायालयानं नेमलेल्या प्रशासकांची मुदत संपलेली, सह्या करायला अधिकृत माणूस नाही, निविदा निघेनात. वेस्ट इंडिजविरुद्धचा एकदिवसीय सामना वानखेडेवर होता, तो मंडळानं उचलला आणि 29 ऑक्टोबरला खेळवला. कुठं? ब्रेबर्नवर. रोहित शर्मानं तिथं 162 धावा ठोकल्या. मी घरी टीव्हीसमोर बसून मर्चंट आणि शेषराव यांची आठवण काढत होतो. दोघंही हयात नव्हते. वानखेडेवर आज एक मर्चंट स्टँड आहे, ही गोष्ट नव्या पोरांना सांगितली तर त्यांना त्यातली गंमत कळत नाही. त्यांच्या दृष्टीनं तो फक्त स्वस्त तिकिटांचा स्टँड.

जानेवारी 2025 मध्ये स्टेडियमला पन्नास वर्षं झाली. मोठा सोहळा झाला. 14,505 लेदरचे चेंडू मैदानावर मांडून 'फिफ्टी इयर्स ऑफ वानखेडे स्टेडियम' अशी इंग्रजी अक्षरं लिहिली, गिनीजवाल्यांनी विक्रम नोंदवला आणि तो सोलकरच्या स्मृतीला वाहिला. मग ते चेंडू शाळांना, क्लबांना, संस्थांना वाटायचं ठरलं. चेंडूंची ही वाटणी मला सगळ्या सोहळ्यात सर्वांत जास्त आवडली. वर्गणीच्या वहीत चेंडूचा रकाना मी इतकी वर्षं भरलाय.

त्याच सोहळ्यात मैदानामैदानांवरच्या माळ्यांनाही बोलावून त्यांचा सत्कार केला. रोलरवर बसून चिठ्ठीची चौकशी करणारा आमचा माळी आता नाही, त्याचा मुलगा आमचं मैदान पाहतो. तो गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूत पोहोचलो तेव्हा तो खेळपट्टीवर पाणी मारत होता. मी विचारलं, कसं झालं? म्हणाला, जेवण चांगलं होतं, पिशवी दिली, फोटो काढला. मग कार्यक्रम संपल्यावर तो वरच्या स्टँडच्या पायऱ्या चढून एका खुर्चीत जाऊन बसला होता म्हणे, दहा-पंधरा मिनिटं.

'मग? कसं दिसतं वरून?'

त्यानं पाइप दुसऱ्या टोकाकडे ओढला. 'एवढ्या वरून पीच काहीच कळत नाही हो,' तो म्हणाला. 'गवत किती ठेवलंय ते तर अजिबातच नाही.'